पंचकर्माचा तयार सेट: तालुक्याच्या दवाखान्यात किती कामाचा?

बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) होऊन गावाकडे दवाखाना टाकणाऱ्याला विक्रेते हमखास ‘संपूर्ण पंचकर्म सेट’ दाखवतात. फायबरची द्रोणी (मालिशसाठी पेशंटला झोपवायचं खोलगट टेबल), प्लायवूडची स्वेदनपेटी (वाफेने घाम काढायची पेटी), विजेचं वाफयंत्र, शिरोधारेचा (कपाळावर तेलाची धार धरण्याचा) स्टँड आणि पंप, बस्तीचं (गुदमार्गे औषध देण्याचं) भांडं, वर एक फ्लेक्स फुकट. नागपुरातल्या वातानुकूलित केंद्रात हे सगळं चालून जातं. विदर्भातल्याच दारव्हा, सिंदेवाही, अहेरी अशा ठिकाणी वीज, पाणी, ऊन आणि पेशंटची एसटी, चारही गोष्टी वेगळ्या आहेत. म्हणून आमचं मत आधीच सांगतो: सेट घेऊ नका. वस्तू सुट्या घ्या. द्रोणीवरचा खर्च आवरा आणि तो पैसा वाफ, वायरिंग आणि संडासात घाला.

द्रोणीपासून सुरुवात करू. फायबरची द्रोणी हलकी असते, धुवायला सोपी आणि स्वस्त. पण तेल लागलं की इतकी निसरडी होते की गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या पेशंटला तिच्यातून उठवायला दोन माणसं लागतात. सागवानाला आपल्याकडे तोटा नाही, बल्लारशा-आलापल्लीचं लाकूड जवळच मिळतं आणि गावातला सुतार द्रोणी करून देतो. सात फूट लांब, अडीच फूट रुंद आणि जमिनीपासून अडीच फूट उंच, एवढं माप पुरे. पायाकडे किंचित उतार द्या, तिथेच तेल निघायला भोक ठेवा. यापेक्षा कमी उंची ठेवली तर मालिश करणाऱ्याचीच कंबर धरते. लाकूड नीट वाळलेलं नसेल तर एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत ते आकसतं, सांधे उघडतात आणि तेल खाली ठिबकतं. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं. म्हणून ओलसर लाकडाची स्वस्त द्रोणी फायबरपेक्षाही वाईट.

सेटमधली खरी कच्ची वस्तू म्हणजे वाफयंत्र. त्यावर 2000 वॅट लिहिलेलं असतं, ते 230 व्होल्टवर. कृषीपंप सुरू झाले की गावातला विजेचा दाब 180 व्होल्टपर्यंत उतरतो आणि हीटरची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे हातात उरतात साधारण 1200 वॅट. तीन लिटर पाणी उकळायला सात-साडेसात मिनिटं लागायची, तिथे बारा लागतात. तोवर मालिश झालेला पेशंट पेटीत गार पडत बसतो. शिवाय हे यंत्र जवळजवळ 9 अँपिअर ओढतं. त्याला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, खरं अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवंच. ओल्या अंगाचा माणूस वाफेत बसलाय, इथे काटकसर नको.

आमची पसंती गॅसवरच्या पाच लिटरच्या कुकरला. शिट्टीच्या जागी नळी बसवायची, पाणी निम्म्याच्या वर भरायचं नाही. नळी सिलिकॉनची घ्या. साधी पाण्याची नळी उष्णतेने मऊ पडते, दुमडते, वाफ अडते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. कुकर पेटीच्या बाहेर, पेशंटच्या पायापासून लांब आणि खोलीची खिडकी उघडी. बोअरचं पाणी वापरत असाल तर आत पांढरी खपली धरते; लिंबूसत्व टाकून उकळी दिली की ती सुटते. वीज असो की गॅस, हे दर आठवड्याला करायचं.

पेटी प्लायवूडची घेणार असाल तर त्यावर आयएस 710 (मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय) चा शिक्का बघा. आयएस 303 मधलं साध्या (एमआर) प्रतीचं प्लाय वाफेने पापुद्रे सोडतं. चेनवाली घडीची तंबूपेटी स्वस्त पडते, पण चेन लवकर बिघडते आणि पावसाळ्यात कापडाला बुरशी येते. एक गोष्ट नक्की तपासा: दार आतून ढकललं की उघडलं पाहिजे. बाहेरून कडी असलेली पेटी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आता आपल्या भागापुरतं, जे कुठल्याच विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेलचे (रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट आहेत. घाम जाऊन शरीरातलं पाणी घटलं की त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अंगदुखी, सांधेदुखी घेऊन आलेल्या तरुण पेशंटला पेटीत बसवण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का, कार्ड आहे का, हे विचारायलाच हवं. गर्भवती, हृदयरोगी, आटोक्यात नसलेला रक्तदाब आणि पायाला बधिरपणा आलेले मधुमेही यांनाही वाफ नको; बधिर पायाला चटका कळत नाही. बाकीच्यांना दहा-पंधरा मिनिटं, डोकं बाहेर. आणि 45 अंशांच्या उन्हाळ्यात पेटी झाकून ठेवलेलीच बरी.

शिरोधारेचा पंप सरळ वगळा. थंडीत पारा दहा-बारावर आला की खोबरेल तेलात केलेली औषधी तेलं पंपाच्या नळीत गोठतात. साधं दोन लिटरचं भांडं, बुडाला करंगळीएवढं भोक, त्यातून सुती वात आणि कपाळापासून चार बोटं उंची, एवढ्यावर धार उत्तम चालते. तेल थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करा.

सगळ्यात स्वस्त वस्तू बस्तीची, आणि गावातला दवाखाना उभा राहतो तोही तिच्यावर. निंदण, डवरणी, कापूस वेचणी यांनी धरलेल्या कमरा हाच मोठा पेशंटवर्ग. भांडं स्टीलचं असू द्या, कॅथेटर दर वेळी नवं. निरूहासाठी (काढ्याच्या बस्तीसाठी) मध आणि सैंधव आधी घोटायचं, मग तेल थोडं थोडं, मग कल्क (वाटलेली औषधं) आणि शेवटी कोमट काढा. क्रम चुकला तर तेल वर तरंगतं आणि मिश्रण एकजीव होत नाही. पण अडचण भांड्याची नसतेच. निरूह दिल्यावर पेशंटला थोड्याच वेळात संडास लागतो आणि संडास एकच असेल तर सकाळी दोन पेशंटही एकावेळी घेता येत नाहीत. दुसऱ्या द्रोणीपेक्षा दुसरा संडास जास्त पेशंट सांभाळतो. निरूह उपाशीपोटी असल्यामुळे तो सकाळच्या एसटीने आलेल्यांना आधी द्या. अनुवासन (तेलाची बस्ती) जेवणानंतर; परतीच्या बसमध्ये तेल झिरपू शकतं, म्हणून पॅड देऊन पाठवा. आठ दिवसांची योगबस्ती पेरणीच्या तोंडावर सुरू केली तर तिसऱ्या दिवसापासून पेशंट शेतात असतो. त्याला तारीख पेरणीनंतरची द्या. स्त्री पेशंटसाठी स्त्री मदतनीस नसेल तर निम्मं गाव पायरी चढणार नाही.

वापरलेले कॅथेटर आणि हातमोजे लाल पिशवीत जातात, विद्ध-रक्तमोक्षणाच्या (टोचण्याच्या आणि रक्त काढण्याच्या) सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतून छोटा दवाखाना सुटत नाही.

फुकटचा फ्लेक्स मात्र दुकानातच सोडून या. ‘मधुमेह, लकवा, मुतखडा कायमचा बरा’ अशी जाहिरात 1954 च्या औषधी आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे, आणि फ्लेक्सवर नाव विक्रेत्याचं नाही, डॉक्टरचं असतं. नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक एवढी पाटी पुरते.

विजेचं यंत्र घ्यायचंच ठरलं तर पैसे देण्याआधी त्याची कॉइल तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या मापाची आहे का, हे विचारा. नसेल तर एक कॉइल, दोन रबर आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचे त्याच बिलात लिहून घ्या.