दमट हवेत सोनी अल्फा ६७०० आणि तीन लेन्सेस : गोव्यातला वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून सोनीचा अल्फा ६७०० वापरतोय. सोबत सिग्माची १८-५० मिमी एफ २.८, सिग्माचीच ५६ मिमी एफ १.४ आणि सोनीची ७०-३५० मिमी जी. (मिमीचा आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तितका लेन्समध्ये जास्त उजेड येतो.) मी फोंड्याला राहतो. इथून करमळीचं तळं, बोंडल्याचं रान, माशेलचा चिखलकालो (चिखलात खेळायचा उत्सव), पणजीचा शिगमो (गोव्याची होळी) आणि सत्तरीतली पावसाळी झाडी, यातलं काहीही सकाळी निघून संध्याकाळी घरी परतण्याइतकं जवळ आहे. त्यामुळे नुसते पक्षी किंवा नुसते उत्सव असं मला कधी जमलं नाही, आणि जमवायचंही नाही. हा अनुभव माझ्यासारख्या, सगळंच टिपावंसं वाटणाऱ्यांसाठी लिहितोय.

इतके महिने वापरल्यावर एक मत पक्कं झालंय. गोव्यात कॅमेऱ्याचं सामान निवडताना दोनच गोष्टी आधी बघाव्यात: विषयावर उजेड किती पडतो, आणि सामान घरी कुठल्या हवेत राहणार आहे. मेगापिक्सेल वगैरे त्यानंतर.

बॉडीबद्दल थोडक्यात. २६ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय), बाहेर वळणारा स्क्रीन, बॅटरी आणि कार्डासह वजन ४९३ ग्रॅम. बॅटरी मोठ्या कॅमेऱ्यांत येते तीच, एनपी-एफझेड १००, त्यामुळे अर्ध्या दिवसाच्या भटकंतीला एक पुरते. दुसरी मी रात्रीच्या नाटकांसाठी ठेवतो. कार्ड स्लॉट एकच आहे आणि फोकस बिंदू हलवायला जॉयस्टिक नाही. लग्नाची कामं घेणाऱ्यांनी एका स्लॉटचा विचार जरूर करावा. मी पैसे घेऊन काम करत नाही, तरी घरी पोचल्यावर जेवणाआधी कार्ड एसएसडीवर उतरवतो. ज्यासाठी हा कॅमेरा घ्यावा ती गोष्ट म्हणजे फोकस. माणूस, प्राणी, पक्षी, कीटक असा विषय आधी सांगितला की तो डोळा शोधतो आणि धरून ठेवतो. याचा खरा फायदा करमळीला कळतो.

करमळीचं तळं म्हणजे कमळाची पानं, शेवाळ, गवत आणि त्यात दडलेले पक्षी. जुन्या कॅमेऱ्यावर फोकस पक्ष्यापुढच्या पानावर जाऊन बसायचा. आता पक्षी हा विषय निवडला की पानांतून चालणाऱ्या कमळपक्ष्याच्या डोळ्यावरची चौकट सहसा सुटत नाही. जांभळी पाणकोंबडी, अडई, हिवाळ्यात येणारे तलवार बदक यांच्यासाठी ७०-३५० पुरते. फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशोबात ती १०५-५२५ मिमी होते आणि वजन फक्त ६२५ ग्रॅम. २००-६०० मिमीची मोठी लेन्स घ्यावी का, असं मला बरेच जण विचारतात. ती दोन किलोच्या वर आहे आणि लांब टोकाला तिचंही तोंड एफ ६.३ च. तळ्याच्या बांधावर एका जागी बसून उडते पक्षी टिपणाऱ्यांनी ती खुशाल घ्यावी. मी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जातो, सलीम अली अभयारण्यात खारफुटीतल्या पायवाटेने चालतो. तिथे जागा अरुंद, खंड्या अचानक समोर येतो, आणि गळ्यात दोन किलो घेऊन हात वर न्यायच्या आत तो गेलेला असतो. अख्खं अभयारण्यच जेमतेम १.८ चौरस किलोमीटरचं आहे; तिथे हलकं सामान आणि भरतीचं वेळापत्रक या दोनच गोष्टी हव्यात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, खेकडे आणि चिखलमासे वर येतात आणि त्यांच्या मागोमाग पक्षी.

पण हीच लेन्स जुलैत बोंडल्याला किंवा मोलेच्या रानात नेली की तिची मर्यादा कळते. दाट छताखाली, ढगाळ दिवशी एफ ६.३ वर १/२५० सेकंदाचा शटर ठेवायचा तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० च्या खाली येत नाही. रॉ (कच्ची) फाइल घेऊन संगणकावर नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, काढता येतो, फोटो वापरण्याजोगा होतो, पण पिसांचा पोत जातो. त्यामुळे पावसाळ्यात मी जंगलात पक्ष्यांच्या मागे लागत नाही. जमिनीकडे बघतो: बेडूक, कीटक, अळंबी, शेवाळ. इथे उजेड आपला आपण नेता येतो.

या कामासाठी वेगळी मॅक्रो लेन्स घेतली नाही. रेनॉक्सचं डीसीआर १५० हे पुढे चिमट्याने बसणारं भिंग घेतलं. ते ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर धाग्यावर बसतं आणि ७०-३५० चा धागा बरोबर ६७ चा आहे. त्याची ताकद ४.८ डायॉप्टर, म्हणजे लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर विषय भिंगापासून साधारण २१ सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतो. झूम २०० च्या आसपास ठेवला की जवळजवळ एकास एक मोठेपणा (सेन्सरवर विषय खऱ्या आकाराचा) मिळतो, ३५० ला दीडपटीहून जास्त. एफ ११, शटर १/१६० (या बॉडीवर फ्लॅशबरोबर चालणारा सर्वांत वेगवान शटर तेवढाच आहे) आणि डिफ्यूझर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) लावलेला छोटा फ्लॅश. कॅमेऱ्यात फ्लॅश नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. बेडकाची ओली त्वचा उघड्या फ्लॅशखाली पांढरीफटक होते, म्हणून डिफ्यूझर मोठा हवा. फ्लॅशवर जास्त खर्च करण्यापेक्षा डिफ्यूझर नीट बनवून घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या रानांत चापडा हा साप झुडपांवर, अगदी कमरेच्या उंचीला बसलेला असतो. तो विषारी आहे आणि तासन् तास हलत नाही, म्हणून लोकांना धीर येतो. २१ सेंटिमीटरचं भिंग घेऊन त्याच्यासमोर जाऊ नका. भिंग काढा. ७०-३५० स्वतःच दीड मीटरवरून ३५० मिमीला फोकस घेते आणि साप चौकटीत छान भरतो. काठीने त्याला हलवून फांदीवर ‘नीट’ बसवणारे महाभाग मी पाहिलेत. तो फोटो कितीही देखणा आला तरी माझ्या लेखी त्याची किंमत शून्य आहे.

आता ५६ मिमीबद्दल, कारण तिन्ही लेन्सेसमध्ये माझा जीव हिच्यात आहे. आपल्याकडे जत्रेला नाटक असतं. देवळाच्या आवारात मांडव, गावातलीच मंडळी, रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत चालतं. दशावतारी कालो (पौराणिक लोकनाट्य) असेल तर आधी गणपती, मग संकासुर, मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा. हे सगळं टिपायला फ्लॅश चालत नाही, चालूही नये. नटाचा सूर तुटतो आणि रंगमंचावरचा मूळ प्रकाशच मरतो. एफ १.४ ते २, शटर १/१६० ते १/२५०, आयएसओ १६०० ते ३२०० एवढ्यात काम होतं. १८-५० चं एफ २.८ तिथे अपुरं पडतं. एफ १.४ त्याच्यापेक्षा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड घेतं, म्हणजे चौपट. आवाजी संवादात नटाची मान झटक्याने वळते तेव्हा या चौपटीतूनच १/६० चा शटर १/२५० होतो आणि चेहरा हलत नाही. फुल फ्रेमच्या हिशोबात ही ८४ मिमी होते. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एका नटाची कमरेपासूनची चौकट मिळते, आणि पुढे जाऊन कोणाची नजर अडवावी लागत नाही.

नाटक टिपणाऱ्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरवर एक फोटो उजळ, पुढचा काळपट येतो. मेन्यूत अँटी-फ्लिकर चालू ठेवा. दुसरं, आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावण्याचा मोह होतो, पण एलईडी दिव्यांखाली त्याने आडवे पट्टे उठतात. मी मेकॅनिकल शटरच वापरतो आणि पखवाज, झांज चालू असताना फोटो घेतो. शांत प्रसंगात हात खाली. मुकुट-मेकअप असला तरी डोळा ओळखून फोकस बसतो. गणपतीच्या मुखवट्यावर किंवा संकासुराच्या काळ्या वेशावर मात्र छोटा स्पॉट निवडून आपण फोकस द्यावा. एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप उणे ठेवा, नाहीतर जरीचे कपडे आणि रंगवलेले कपाळ जळून जातात. मंडळाच्या आणि देवस्थान समितीच्या लोकांना आधी भेटा, नंतर फोटो नेऊन द्या. एका गावात ज्येष्ठ नटांनी मला पुढच्या वेळी थेट रंगपटात बोलावलं. चेहऱ्याला रंग लावताना आरशात बघणाऱ्या माणसाचे फोटो मला तिथे मिळाले, आणि माझ्या सगळ्या कामात तेच मला सर्वांत जवळचे आहेत.

१८-५० ही रोजची लेन्स. तीनशे ग्रॅमच्या आत, दिवसभर जाणवतही नाही. शिगम्याच्या मिरवणुकीत रोमटामेळ आणि घोडेमोडणी ही लोकनृत्यं याच लेन्सने टिपतो. संध्याकाळी शटर १/३० ला आणून नाचणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवला की ताशाचा वेग फोटोत येतो. ती रुंद टोकाला अगदी १२ सेंटिमीटरवरून फोकस घेते, त्यामुळे चवथीच्या माटोळीतलं (गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीतलं) एकेक रानफळ जवळून घेता येतं. माशेलच्या चिखलकाल्याला मात्र मी ती गर्दीत नेत नाही. हिच्या माऊंटपाशी सील आहे, बाकी नळी उघडी. त्या दिवशी बाजूला उभं राहून ७०-३५० आणि वर पावसाळी कव्हर.

देवळं, चर्च, जुनी घरं यांच्यावर फार लिहीत नाही, तिथे हा सगळा संच आरामात पुरतो. तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरात काळा दगड आणि आत अंधार, पण बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनमुळे १/८ ला हातातून स्पष्ट फोटो येतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे ही सोय मोठी. पणजीच्या मळा-फोंताइन्हास भागात लोक राहतात. दारात पाय ठेवण्याआधी विचारा.

आता हवा. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर घरातली हवाही ओलीच असते. लेन्समध्ये बुरशी धरते ती पावसात भिजल्याने कमी, कपाटात बंद राहिल्याने जास्त. काळोख, दमट हवा आणि न हलणारं सामान एवढं तिला पुरतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सतत राहिली की धोका सुरू होतो. मी ड्राय कॅबिनेट घेतलं आणि ते ४५ टक्क्यांवर ठेवलंय. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि आतलं वंगण सुकतं. कॅबिनेटला पैसे नसतील तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक यांत काम भागतं. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरायचं. तिसरी लेन्स घ्यायच्या आधी हे घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. शिवाय लेन्स वापरात ठेवा, मधूनमधून उन्हात काढून काचेतून टॉर्च मारून बघा. जुनी लेन्स विकत घेणाऱ्यांनी तर ही टॉर्चची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एसी गाडीतून उतरून लगेच बॅग उघडली की काचेवर दव धरतं. पोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा उघडतो, किंवा सामान डिकीत ठेवतो. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर आधी किंचित ओल्या, मग कोरड्या कापडाने बॉडी पुसतो. खाऱ्या वाऱ्याचा थर कोरड्या कापडाने घासला तर ओरखडे पडतात.

फिल्टरपैकी पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) एकच घेतला, ६७ मिमीचा. दोन्ही सिग्मांचे धागे ५५ चे, त्यामुळे ५५ ते ६७ ची एक स्टेप-अप रिंग (लहान धाग्यावर मोठा फिल्टर बसवणारी कडी) तिन्ही लेन्सेसना पुरते. रिंग लावल्यावर सिग्माचं हूड बसत नाही, तेवढं पत्करावं. पावसाळ्यात ओल्या पानांवरची चमक काढून हिरवा रंग उघडा करणारं दुसरं काही नाही. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून हरवळ्याच्या धबधब्याशी तोच थोडाफार एनडीचंही (उजेड कमी करणाऱ्या फिल्टरचंही) काम करतो.

पुढची खरेदी ठरलेली आहे: सोनीची १५ मिमी एफ १.४ जी. तिचाही धागा ५५ चा, म्हणजे रिंग आणि पोलरायझर तेच चालतील. खालून वर बघत अख्खी माटोळी एका चौकटीत घ्यायला १८ मिमी अपुरं पडतं, आणि पावसाळी रात्री मोलेच्या बाजूला कुजक्या लाकडावर मंद हिरवी चकाकणारी अळंबी टिपायला एफ १.४ लागेल. कोणी ही लेन्स ६७०० वर वापरत असेल तर रात्रीच्या कामाचा अनुभव कळवा, विशेषतः उघड्या एफ १.४ वर कोपरे कसे येतात ते.