इंग्लिश शिकवायला बाहेर जायचंय पण पासपोर्ट भारताचा: थायलंड, व्हिएतनाम की आखात?

इंग्लिश एमए झालंय, बोलायला पण चांगलं येतं, तर थायलंडला जाऊ की व्हिएतनामला की सरळ दुबई बघू, असं विचारणारं कोणी ना कोणी सतत भेटतं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझं उत्तर आधीच सांगते, कारणं नंतर वाचा. बीएड असेल आणि दोन-तीन वर्षं शाळेत शिकवलेलं असेल तर आखात. बीएड नाही, पण आयईएलटीएसला 7 येतील आणि सर्टिफिकेटवर खर्च करायची तयारी असेल तर व्हिएतनाम. आणि थायलंड फक्त तेव्हा, जेव्हा तुम्ही इंग्लिशच्या ऐवजी मॅथ्स नाहीतर सायन्स शिकवायला तयार असाल. बाकीच्यांना हे पटत नाही कारण थायलंड सगळ्यात सोपं वाटतं, आत शिरायला आहेही सोपं, पगार बघितला की मग कळतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचे महिने वाया जाणार नाहीत. तुमचं इंग्लिश किती चांगलं आहे हे कोणी नंतर बघतं, आधी पासपोर्ट बघतात. साऊथ कोरियाचा ई-2 व्हिसा घ्या, इंग्लिश शिकवायचा जो नेहमीचा व्हिसा आहे तो सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि साऊथ आफ्रिका. आता साऊथ आफ्रिकेत घरात इंग्लिश बोलणारे दहा टक्के पण नाहीत, तरी ते यादीत, आणि बालवाडीपासून इंग्लिश मीडियममध्ये शिकलेला ठाण्याचा मुलगा बाहेर! भारत-कोरियाचा सेपा हा व्यापार करार 2010 पासून लागू आहे आणि त्यात भारतीय इंग्लिश शिक्षकांसाठी एक फट ठेवलीय खरी, पण ती सरकारी शाळांमधल्या असिस्टंटपुरती, वर इंग्लिशची डिग्री आणि टीचिंग लायसन्स पाहिजे, आणि खासगी क्लासवाल्यांना, म्हणजे हागवॉनना, ती लागूच नाही. त्या फटीच्या भरवशावर कोणी नोकरी सोडू नका. चीनचंही तसंच, नेटिव्ह देशाचा पासपोर्ट हवा, आणि 2021 मध्ये तिथल्या सरकारने खासगी शिकवण्यांवर बडगा उगारला त्यानंतर ट्रेनिंग सेंटर्सचा बाजारच उठला. हे दोन्ही देश यादीतून काढून टाका आणि पुढे वाचा.

जपान मी पूर्ण काढत नाही. तिथल्या इन्स्ट्रक्टर व्हिसाला परदेशी भाषा शिकवायची तर त्या भाषेतून 12 वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे, म्हणजे पहिली ते बारावी इंग्लिश मीडियम असेल तर शाळेचं पत्र आणून सिद्ध करता येतं. मराठी मीडियमवाल्यांना इथे फार अवघड जातं. (पुण्यात जपानी शिकणारे एवढे आहेत, त्यांनी एन-3, एन-2 या जपानी भाषेच्या परीक्षा करून हा रस्ता जरूर बघावा, जपानी येणाऱ्या माणसाला तिथे खूपच सोपं जातं. योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निवडून आले आणि पुढे इबाराकीतल्या एका सरकारी हायस्कूलचे प्रिन्सिपॉल झाले, अर्थात ते इंग्लिश शिकवायला म्हणून गेले नव्हते.)

आता खरी तुलना.

थायलंडच्या जाहिरातीत दोन शब्द दिसतील, एनईएस आणि एनएनईएस, म्हणजे नेटिव्ह आणि नॉन-नेटिव्ह इंग्लिश स्पीकर, आणि एकाच जाहिरातीत दोघांचे दोन पगार उघडउघड लिहिलेले असतात, कोणाला काही वाटत पण नाही. नेटिव्हला साधारण 35 ते 45 हजार बाहत, आपल्याला आणि फिलिपिनो लोकांना 18 ते 25 हजार. काम तेच, उलट आपल्याला तासिका जास्त, वर सकाळी गेटवर उभं राहून प्रत्येक मुलाला वाय, म्हणजे हात जोडून नमस्कार, करायचं, आठ वाजता झेंडा आणि राष्ट्रगीत, त्याला हजर राहायचं. 20 हजार बाहतमध्ये बँकॉकबाहेर एखाद्या प्रांतात खोली घेऊन नीट राहता येतं, बाजारात जेवण स्वस्त आहे, पण घरी पाठवायला काही उरत नाही. शाकाहारी असाल तर 'जे' हा शब्द पाठ करा, तोच कामाला येतो, नाहीतर भाजीत पण फिश सॉस असतोच.

कागदांचं म्हणाल तर कुठल्याही विषयाची डिग्री चालते, नॉन-नेटिव्हला वर टोइक या इंग्लिशच्या परीक्षेचा 600 स्कोअर लागतो, नोकरीचा नॉन-बी व्हिसा, त्यावर वर्क परमिट, आणि शाळेत शिकवायचं तर खुरुसफाकडून, म्हणजे तिथल्या टीचर्स कौन्सिलकडून, लायसन्सची तात्पुरती सूट घ्यावी लागते, ती दोन वर्षांची असते. हे सगळं शाळेने करायचं असतं. एजन्सीतर्फे गेलात तर शाळा एजन्सीला देते वेगळे आणि तुमच्या हातात येतात वेगळे, आणि मार्च-एप्रिलच्या सुट्टीचा पगार द्यायचा नाही म्हणून कॉन्ट्रॅक्ट दहाच महिन्यांचं करतात. माझ्याबरोबर एका एजन्सीने हेच केलं, कॉन्ट्रॅक्टच्या इंग्लिश कॉपीत एक आणि थाई कॉपीत दुसरं होतं, आणि तिथे थाई कॉपी धरतात.

मग मॅथ्स-सायन्स का म्हणते? कारण थाई शाळांमध्ये इंग्लिश प्रोग्राम म्हणून वेगळा विभाग असतो, तिथे मॅथ्स, सायन्स, कॉम्प्युटर इंग्लिशमधून शिकवतात आणि त्या जागांवर नेटिव्ह मिळत नाहीत, तिथे भारतीय माणसाकडे कोणी नाक मुरडत नाही, उलट भारतीय म्हणजे गणित पक्कं असा त्यांचा समज असतो, तो आपल्या फायद्याचा आहे तर मोडायला जाऊ नका. बीएस्सी बीएडला तिथे 30 हजारांच्या पुढे मिळू शकतं. बीए इंग्लिशवाल्याला तेवढे मिळणं अवघड. हा उलटा हिशोब आपल्याकडे कोणी सांगत नाही.

व्हिएतनाममध्ये भेदभाव नाही असं अजिबात नाही, पण तिथला नियम निदान कागदावर लिहिलेला आहे आणि तो पूर्ण करता येतो. लँग्वेज सेंटरमध्ये शिकवायला नॉन-नेटिव्हला एकतर इंग्लिशची डिग्री आणि शिकवण्याचं सर्टिफिकेट, नाहीतर दुसरी कुठली डिग्री, सी-1 लेव्हलचा दाखला आणि शिकवण्याचं सर्टिफिकेट. सी-1 म्हणजे आयईएलटीएसला 7 धरा. म्हणजे बीकॉम झालेल्या माणसालासुद्धा दार उघडं आहे आणि एमए इंग्लिशची आपल्याकडे कितीही चेष्टा होत असली तरी तिथे ती डिग्री थेट नियमात बसते.

पैसे तासावर. नेटिव्हला 18 ते 25 डॉलर, आपल्याला 10 ते 16, कधी जास्त. आठवड्याला वीसेक तास मिळाले तर महिन्याला हजार डॉलरच्या आसपास जातं आणि दोनशे-तीनशेत खोली मिळते, म्हणजे इथे शिल्लक पडते, थायलंडला पडत नाही. पण तास मिळाले तर! सेंटरचं काम संध्याकाळी साडेपाच ते नऊ आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस, दुपारी तुम्ही रिकामे, आणि तेतच्या सुट्टीत, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, आठवडा-दोन आठवडे सगळं बंद आणि तासावरच्या माणसाला पगार शून्य. किंडरगार्टनचं सकाळचं काम घेतलंत तर तास भरतात, फक्त तीन वर्षांच्या पोरांसमोर नाचता आलं पाहिजे, लाजणाऱ्या माणसाचं ते काम नाही.

सर्टिफिकेटवरून लोक फार गोंधळतात. 120 तासांचं ऑनलाईन टेफल कुठल्या ना कुठल्या सेलमध्ये चार-पाच हजारांत मिळतं आणि वर्क परमिटला ते बऱ्याचदा चालून पण जातं. सेल्टा केंब्रिजचं, लाखाच्या वर जातं, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवायला लागतं आणि कोणीतरी मागे बसून लिहीत असतं. नेटिव्ह पासपोर्टवाल्याला स्वस्तातलं पुरतं, आपल्याला नाही पुरत, कारण आपला सीव्ही बाजूला टाकायला त्यांना कारणच हवं असतं आणि सेल्टा बघितलं की निदान डेमोला तरी बोलावतात. मी तर म्हणेन पैसे नसतील तर एक वर्ष इथे थांबा आणि सेल्टा करूनच जा.

डेमोचं पण सांगते. तिथे ग्रामर कोणी विचारत नाही, पंधरा मिनिटं क्लास घ्यायचा, फ्लॅशकार्ड, एक गेम, आणि मागे सेंटरची मॅनेजर तुमचा उच्चार ऐकत असते. आपला अ‍ॅक्सेंट बदलायला जाऊ नका, खोटा अमेरिकन लगेच कळतो, फक्त दोन जागा दुरुस्त करा. एक, 'वाइन' आणि 'व्हाइन' आपण एकच करून टाकतो, पहिल्याला ओठ गोल करायचे आणि दुसऱ्याला खालच्या ओठाला दात लावायचे. दुसरं, शब्दाच्या सुरुवातीचा पी. आपण 'पेन' अगदी कोरडा म्हणतो, इंग्लिशमध्ये तिथे हवा सुटते, तोंडासमोर कागद धरला तर हलला पाहिजे. थाई भाषेत आपल्यासारखेच प आणि फ वेगळे आहेत, त्यामुळे थाई मुलांच्या कानाला आपला 'पेन' वेगळाच शब्द लागतो आणि ती नुसती बघत बसतात. आठवडाभर कागद धरून सराव केला तर जमतं.

आता आखात. इथे खेळच वेगळा, कारण इथे तुम्ही 'नॉन-नेटिव्ह इंग्लिश टीचर' म्हणून जातच नाही, सीबीएसई शाळेत इंग्लिशची टीजीटी, म्हणजे बीएड झालेली ग्रॅज्युएट टीचर, म्हणून जाता, वर्गातली बहुतेक मुलं भारतीय, पालक भारतीय, प्रिन्सिपॉल बहुधा मल्याळी. पासपोर्टचा प्रश्नच मिटला. बीएड मात्र पाहिजेच, आणि अनुभव. माझी मावसबहीण शारजात आहे, तिच्याकडून जे कळतं ते असं: यूएईत भारतीय शाळांचा पगार 3 ते 5 हजार दिरहम, ब्रिटिश शाळांचा 10 हजारांच्या वर, पण ब्रिटिश शाळांना युकेची टीचिंग क्वालिफिकेशन लागते, म्हणून तिकडे डोळे लावून बसू नका. 4 हजार दिरहम म्हणजे रुपयात लाखाच्या आसपास, टॅक्स नाही, ऐकायला मस्त, पण दुबईत भाडं भरून काय उरतं ते विचारा. शाळेने राहायला जागा दिली तर हे सगळ्यात चांगलं पॅकेज आहे, नाही दिली तर एकट्या माणसाला बेडस्पेसच, म्हणजे शेअरिंगच्या खोलीतला एक बेडच, परवडते.

अजून एक. जाहिरातीत 'हजबंड व्हिसा प्रिफर्ड' असं लिहितात, म्हणजे नवरा आधीच तिथे नोकरीला आहे, व्हिसाचा आणि घराचा खर्च त्याच्या माथी, मग शाळेला बायको स्वस्तात मिळते. लग्न करून तिकडे जाणाऱ्या मुलींसाठी ही सोय आहे, पण एकटीने जाणार असाल तर अशा जागांवर वेळ घालवू नका. भरती जानेवारी ते मार्चमध्ये होते, कारण भारतीय शाळा एप्रिलला सुरू होतात. मस्कत, कुवेत, बहरीनच्या इंडियन स्कूल्स पण बघा, दुबईच्या नादात लोक ओमान विसरतात आणि ओमानमध्ये जगणं स्वस्त आहे.

मालदीव थोडक्यात. तिथल्या सरकारी शाळा इंग्लिशमधून चालतात आणि वर्षानुवर्षं केरळ-तमिळनाडूचे शिक्षक तिथे जातायत. बीएडवाल्याला चांगला पर्याय आहे, पण पोस्टिंग एखाद्या छोट्या बेटावर, चालत अर्ध्या तासात बेट संपतं, आणि पगार रुफियात असतो, तो डॉलर करून घरी पाठवण्यावर मर्यादा असतात, हे सही करायच्या आधी विचारा. कंबोडियात व्हिसा सोपा आणि पैसे कमी. फ्रेंच येत असेल आणि वय कमी असेल तर फ्रान्समध्ये इंग्लिश असिस्टंट म्हणून सात महिने, आठवड्याला 12 तास, अशी योजना भारतीयांसाठी आहे, मुंबई-पुण्यात आलियाँसमध्ये शिकणाऱ्यांनी बघावं. त्यात पैसे साठत नाहीत, पण सीव्हीवर छान दिसतं. ऑनलाईनमध्ये प्रेप्ली आणि आयटॉकी नॉन-नेटिव्हला घेतात, रेट आपला आपण ठरवायचा, पण प्रेप्ली पहिल्या लेसनचे सगळे पैसे स्वतःच ठेवते आणि पुढेही कमिशन कापते, जोडधंदा म्हणून ठीक.

टुरिस्ट म्हणून उतरा, पेपर नंतर करू, असं सांगणारा एजंट असेल तर तिथेच फोन ठेवा. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली नेऊन म्यानमारच्या म्यावाडीत सायबर फ्रॉडच्या कंपाउंडमध्ये अडकवलेल्या भारतीयांबद्दल परराष्ट्र मंत्रालय 2022 पासून सावध करतंय. एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर रजिस्टर्ड आहे का ते बघा, रजिस्टर्ड एजंटला सुद्धा 30 हजार आणि जीएसटीच्या वर फी घेता येत नाही. दोन-अडीच लाख मागणारा कशाचे मागतोय हे त्यालाच विचारा.

देश कुठलाही ठरो, एक काम आजच सुरू करा कारण महाराष्ट्रातले सगळे इथेच अडकतात. आपल्या मार्कशीटवर 'पाटील स्नेहा दिलीप' असं आडनाव आधी, कुठे आईचं नाव पण चिकटलेलं, डिग्रीवर स्पेलिंग अजून वेगळं, पासपोर्टवर 'स्नेहा दिलीप पाटील', आणि लग्न झालं असेल तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. हनोईतल्या नाहीतर बँकॉकमधल्या क्लार्कला ही तीन वेगळी माणसं वाटतात, त्यात त्याची चूक नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि गॅझेट, नसेल तर नाव एकच असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट, मग डिग्रीचं एचआरडी, म्हणजे राज्याच्या शिक्षण खात्याचा शिक्का, मग एमईए, म्हणजे परराष्ट्र मंत्रालय, अपोस्टिल चालणाऱ्या देशांसाठी ते तिथेच मिळतं, बाकीच्यांसाठी मग त्या देशाच्या एम्बसीचा शिक्का, असा क्रम आहे, आणि पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, सगळ्यात शेवटी काढा कारण ती काही महिन्यांतच जुनी ठरते.