टेरेसवर उष्णता अडवणारी शीट टाकून चायना मोझॅक: एक उन्हाळा, एक पावसाळा झाला, आता लिहितोय

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठं कापला ते खाली.

आमचं घर कोल्हापुरात कळंब्याकडं, प्लॉट दीड हजार स्क्वेअर फूट, वरच्या मजल्यावर नुसता आरसीसी स्लॅब. मार्च लागला की रात्री अकराला स्लॅबला हात लावला तरी तवा आत्ताच चुलीवरनं उतरवल्यासारखा. एसी लावायचा विचार चालला होता, तेवढ्यात मित्र (सिव्हिलवाला आहे) म्हणाला एसी राहू दे, आधी छत बघ. त्यानंच इको निवास संहितेचं सांगितलं, केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं २०१८ ला काढलेली, त्यात छताचं यू व्हॅल्यू १.२ च्या वर जाऊ नये असं आहे. म्हणजे आत-बाहेर एक डिग्रीचा फरक असला तर एका चौरस मीटरमधनं किती वॅट उष्णता आत येते तो आकडा, कमी असेल तेवढं बरं. आमच्यासारखा उघडा स्लॅब त्याच्या अडीच-तीन पट जातो! आणि २०१८ चा तो नियम आखलेला ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटसाठी, आमचा जेमतेम १४०. म्हणजे आम्हाला कोण विचारणार पण नाही आणि कोण सांगणार पण नाही.

मग वॉटरप्रूफिंगवाले गाठले. नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. पहिले दोघं म्हणाले नुसता कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) करा साहेब, गार राहतंय. थोडं राहतंय, पण विटांच्या तुकड्यांच्या कोब्यानं तो आकडा दोनच्या खाली पण येत नाही. तिसऱ्यानं एक्सपीएस शीट सुचवली, थर्माकोलच्या जातीचीच पण कडक, पाय दिला तरी दबत नाही. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर २५ मिलिमीटर जाडीची शीट, वर कोबा आणि शेवटी पांढरं चायना मोझॅक. खर्च नुसत्या कोब्याच्या दीडपट झाला.

मोझॅकचं काम मात्र बघत बसावं असं. दोन गडी पांढऱ्या टाइल्स पोत्यावर घेऊन हातोडीनं फोडायचे आणि एकेक तुकडा ओल्या सिमेंटात बसवायचे, मग सांध्यात पांढरं सिमेंट. पांढऱ्या रंगानं ऊन परत जातंय, उष्णता अडवायचं काम खालची शीट करते, दोन्ही वेगळं आहे हे मला पण तेव्हाच कळलं. नुसता पांढरा पेंट मारून इन्सुलेशन झालं म्हणणाऱ्यांपासून सावध राहा.

रिझल्ट लय भारी. यंदा मे महिन्यात वरच्या खोलीत दुपारी फॅनवर झोपलोय, एसी अजून घेतलेला नाही. सोलरवाला तीन किलोवॅट घ्या, ७८ हजार सबसिडी आहे म्हणून मागं लागलाय, सबसिडी खरी आहे, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची, पण आता बिलच एवढं कमी येतंय की दोन किलोवॅटच बास होईल असं वाटतंय.

आता तक्रार. ढाळ चुकला. पाईपच्या तोंडाजवळ कोपऱ्यात तळं साचतंय, आणि हे पाणी कोंडून टेस्ट करताना त्यांच्या माणसानं बघितलेलं, वाळेल म्हणाला!! जूनमध्ये फोन केला तर "पाऊस थांबू दे की दादा", ऑगस्टमध्ये पण तेच, आणि कोल्हापुरात पाऊस कधी थांबतो हे त्याला पण माहितीय. शेवटी ऑक्टोबरात आले, तेवढा तुकडा फोडून परत केला, पैसे घेतले नाहीत हे खरं, पण नवीन तुकड्यांचा पांढरा वेगळाच दिसतोय. शेवटचा हप्ता पाणी कोंडून बघितल्याशिवाय देऊ नका, मी देऊन बसलो होतो.

आईची तक्रार वेगळी. चटणीच्या मिरच्या वाळवायला टेरेस फस्क्लास झालाय, पण दुपारी डोळं दिपतात म्हणून ती गॉगल मागतीय, आणि एका तुकड्याची धार राहिलेली ती बरोब्बर तिच्याच टाचेला लागली. गड्यांनी कडा घासल्यात का ते अनवाणी चालून बघा, सगळीकडं.