दीर्घकालीन नैराश्यासाठी सजगता-वर्ग : दादरमधील एका केंद्राचा अनुभव

औषधे नियमित घेऊनही ज्यांचे नैराश्य वर्षानुवर्षे पूर्णपणे हटत नाही, अशांसाठी दादरमधील एका समुपदेशन केंद्रात सजगतेचा, म्हणजे या क्षणी शरीरात आणि मनात जे घडते त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा, ८ आठवड्यांचा गटवर्ग चालतो, आणि तो मी नुकताच पूर्ण केला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथे सुरू केलेल्या तणाव-निवारणाच्या अभ्यासक्रमाला विचारांवर काम करणाऱ्या मानसोपचाराची जोड देऊन झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत घडवली. सावरलेल्या रुग्णाला नैराश्याने पुन्हा गाठू नये, हा तिचा मूळ हेतू होता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेले होते त्यांनाच स्पष्ट लाभ दिसला.

प्रशिक्षिकेने ही मर्यादा प्रवेशाच्या मुलाखतीतच सांगितली, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मागितली आणि गोळ्या परस्पर बंद करणार नाही असे वचन घेतले. या एका गोष्टीसाठी मी केंद्राला सर्वाधिक गुण देईन, कारण पूर्वी एका योगवर्गात मला प्राणायाम सुरू झाला की गोळ्यांची गरज उरत नाही, असे छातीठोकपणे सांगण्यात आले होते.

सतरंजीवर उताणे पडून पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेण्याचा सराव आरंभी कंटाळवाणा वाटतो. मात्र त्यातूनच मला उमगले की माझी घसरण विचारांच्या आधी शरीरात सुरू होते : जबडा आवळला जातो, पहाटेच जाग येते, खांदे जड होतात. या खुणा दिसताच तीन मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन थांबायचे आणि मग आधीच ठरवलेले एखादे छोटे काम, उदाहरणार्थ शिवाजी पार्कला एक फेरी, मन नको म्हणत असले तरी करायचे, हे तेथे नीट शिकवले जाते. ज्यांना डोळे मिटून बसल्यावर घुसमट होते, त्यांना उघड्या डोळ्यांनी, चालत सराव करू दिला जातो.

उणीव मोठी आहे ती भाषेची. घरच्या सरावाच्या ध्वनिफिती केवळ इंग्रजीत असल्याने आमच्या गटातील एक वयस्कर काकू मागे पडल्या. शिवाय रोज पाऊण तासाचा निवांत सराव एका खोलीच्या घरात कसा साधावा, यावर पुरेशी चर्चा झाली नाही.

ज्यांच्या मनात सध्या आत्महत्येचे विचार येत आहेत, त्यांनी या वर्गाची वाट न पाहता आधी डॉक्टरांना भेटावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.