जुन्या पादरा रोडवरचा जोडफ्लॅट: आधी मधली भिंत बघा

बडोद्याच्या जुन्या पादरा रोडवरच्या एका नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर शेजारी-शेजारी दोन फ्लॅट विक्रीला आहेत. एक तीन बेडरूमचा, दुसरा दोन बेडरूमचा, आणि मधली भिंत उघडून दोन्हींचे एक घर करता येईल अशी तजवीज नकाशातच केलेली. दांडिया बाजारातला आमचा वाडा आता सोडायचा ठरला आहे. सासूबाईंना लाकडी जिना चढवत नाही, दिरांची मुले मोठी झाली आहेत, आणि राहायचे एकत्रच पण बिऱ्हाडे दोन, अशी घरात सगळ्यांची इच्छा आहे. त्या दृष्टीने बडोद्यात आजवर पाहिलेल्यांत हीच जागा मला सर्वांत मनाजोगी वाटली. व्यवहार अजून व्हायचा आहे, म्हणून टॉवरचे नाव लिहीत नाही. पण जोडफ्लॅटच्या शोधात असलेल्या बडोदेकरांच्या उपयोगी पडेल ते सगळे लिहिते. माझी नोकरीची सगळी वर्षे बँकेच्या गृहकर्ज विभागात गेली. त्यामुळे बाल्कनीतून काय दिसते याच्या आधी माझी नजर भिंतीकडे आणि कागदांकडे जाते.

भिंतीपासूनच सुरुवात करते. हल्ली बऱ्याच उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओततात, मिव्हान म्हणतात ती पद्धत. काम झपाट्याने होते, पण त्यात जवळजवळ सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्याच पेलतात. अशा इमारतीत कोणी "नंतर भिंत काढून घ्या" म्हणाले तर तिथे बोलणे पुढे नेऊच नये. माझ्या टेबलावर अशी एक फाइल आली होती. दोन भावांनी शेजारचे फ्लॅट घेतले, कर्ज मंजूर झाले, आणि ताबा मिळाल्यावर कळले की मधल्या भिंतीला हात लावता येत नाही. फार वाईट वाटले होते मला त्या कुटुंबासाठी.

इथला सांगाडा खांब-तुळयांचा आहे आणि मधली भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची. हे ब्रोशर वाचून सांगत नाही. आम्ही गेलो तेव्हा दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये गिलावा व्हायचा होता, त्यामुळे सगळे उघडे दिसत होते. जमिनीपासून सात फुटांवर काँक्रीटची लिंटेल, म्हणजे दारावर असते तशी आडवी पट्टी, आधीच ओतून ठेवलेली, दोन्ही टोकांना भिंतीत चांगली आत गेलेली. तिच्याखालचा सहा फूट रुंदीचा भाग बाजूच्या ब्लॉकांत न गुंफता सरळ उभ्या सांध्याने चिणलेला. म्हणजे उद्या तेवढाच भाग काढला तर बाकीच्या भिंतीला धक्का लागू नये. शेजारच्या खोलीत इलेक्ट्रिशियन बोर्डासाठी भोक पाडत होता, त्याला विनंती करून या भागातही एक पाडून घेतले. ड्रिल लोण्यासारखे आत गेले आणि फरशीवर पांढरीशुभ्र भुकटी पडली. काँक्रीट असते तर ड्रिल अडले असते आणि भुकटी राखाडी आली असती. त्या सहा फुटांतून विजेचा किंवा पाण्याचा एकही पाइप नेलेला नाही. दोन्हीकडची जमीन एका पातळीत आहे, मी स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिली. आणि मंजूर नकाशात ही जागा तुटक रेषेने स्पष्ट दाखवलेली आहे.

या भिंतीच्या एका बाजूला मोठ्या फ्लॅटचा हॉल आहे आणि दुसऱ्या बाजूला लहान फ्लॅटची जेवणाची जागा. दोन्हीकडे मोरी-संडास या भिंतीला लागून नाही. ज्याने कोणी हे आखले त्याने एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर ठेवूनच आखले असणार. मोठे सरकते दार बसवले की गौरी-गणपतीला, हळदीकुंकवाला सलग जागा, आणि एरवी ज्याचे त्याचे घर. जाऊबाई लगेच म्हणाली, "वहिनी, कडी माझ्या बाजूनेही हवी हं." हवीच. मुलांच्या बारावीच्या वर्षात आमच्याकडचे पाहुणे तिच्या घरात कशाला?

दुसऱ्या स्वयंपाकघराची मात्र बेडरूम करायची नाही, आणि बेडरूमच्या जागी मोरीही काढायची नाही. वरखाली सगळ्या मजल्यांवर ओल्या जागा एकाखाली एक असतात. आपण त्या हलवल्या की खालच्यांच्या पलंगावर गळती. आम्ही दोन्ही ओटे ठेवणार आहोत. रोजची चूल एकच, दुसऱ्या ओट्यावर लोणची, पापड, दिवाळीचा फराळ. गुजरातेत प्रत्येक फ्लॅटला 'वॉश' (धुण्याभांड्यांची जागा) आणि 'स्टोअर' वेगळे देतात, ते इथे दोन-दोन मिळतात. वाड्यातली पितळेची भांडी कुठे ठेवायची हा प्रश्न त्यामुळे सुटला.

आता कागद. साइट ऑफिसमधला मुलगा आग्रहाने सांगत होता की एकच दस्तावेज करा, सोपे पडेल. करू नका. दोन फ्लॅट, दोन दस्तावेज, दोन मीटर असेच राहू द्या. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येतो तेव्हा तो चतुःसीमा बघतो: पश्चिमेला फ्लॅट क्रमांक अमुक, उत्तरेला लॉबी. उद्या मुलांपैकी कोणाला आपला फ्लॅट विकायचा किंवा तारण ठेवायचा झाला तर भिंत पुन्हा चिणली की तो स्वतंत्र उभा राहतो. एका दस्तावेजात गुंफला तर नाही. देखभालीच्या पैशांतही फरक पडतो. सोसायटीची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर असेल आणि महिन्याची वर्गणी साडेसात हजारांच्या वर गेली तर 18 टक्के जीएसटी लागतो, पण 2019 च्या सरकारी परिपत्रकानुसार ही साडेसात हजारांची मर्यादा प्रत्येक फ्लॅटला वेगळी धरतात.

गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के आणि नोंदणी फी 1 टक्का. खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तर नोंदणी फी माफ होते. म्हणून आधी वाटले, दोन्ही फ्लॅट आम्हा जावांच्या नावे घ्यावेत. पण वाडा दोघा भावांच्या नावावर आहे, आणि जुने घर विकून झालेल्या नफ्यावरची करसवलत बिनघोर हवी तर नवे घरही ते जुने विकणाऱ्याच्याच नावे हवे. हिशेब मांडला, तर कराची रक्कम नोंदणी फीपेक्षा कितीतरी मोठी निघाली. त्यामुळे एकेक फ्लॅट एकेका भावाच्या नावे. तयार घर घ्यायचे तर जुने विकण्याआधी एक वर्ष किंवा विकल्यानंतर दोन वर्षे एवढीच मुदत असते, तीही लक्षात ठेवायला हवी. प्रत्येक फ्लॅट 50 लाखांच्या वरचा असल्याने 1 टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो. हे बरेच जण विसरतात आणि मग नोटीस येते.

चौदाव्या मजल्यावर पुराचे पाणी येत नाही, पण पूर येतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 26 फूट असताना. तेव्हा कितीतरी इमारतींत तळघरात पाणी शिरून पॅनेल, पंप, जनरेटर बंद पडले. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसे दिवे नाहीत, पाणी नाही, लिफ्ट नाही अशा अवस्थेत अडकली. म्हणून फ्लॅट पाहण्याआधी मी खालची विजेची खोली पाहायला मागितली. इथे पॅनेल आणि जनरेटर रस्त्यापेक्षा चांगलेच उंच चौथऱ्यावर आहेत, पंपाची खोलीही वरच आहे. तळघरात फक्त गाड्या. उताराच्या तोंडाशी दिलेला उंचवटा मला फारच ठेंगणा वाटला, तो वाढवून द्या असे आम्ही लेखी मागितले आहे. तुम्ही कुठलाही टॉवर बघा, अकोटा असो, मुजमहुडा असो की समा, आधी ही खोली उघडायला लावा.

तीन लिफ्ट आहेत, त्यांतल्या एकीत स्ट्रेचर आडवे मावते. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंसाठी मला हे क्लब हाऊस, जिम आणि पोहण्याच्या तलावापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. दोन दारे राहणार, म्हणजे आग लागली तर बाहेर पडायच्या वाटाही दोन. काही जण दोन्ही फ्लॅट आपलेच म्हणून मधल्या लॉबीला जाळी लावून ती घरात घेतात. ती सामाईक जागा आहे, घरखरेदीच्या रेरा कायद्यातही लिफ्टची लॉबी सामाईकच धरली आहे. शिवाय सुटकेचा रस्ता अडतो. आम्ही चपलांचे कपाटसुद्धा आतच ठेवणार.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. मोठ्या हॉलला पश्चिमेकडे जमिनीपासून छतापर्यंत काच दिली आहे. पावसाने हवा धुतली गेली की मागच्या बाल्कनीतून पावागड दिसतो, तो आनंद वेगळा. पण मे महिन्यात दुपारी चारला त्या काचेजवळ उभे राहवत नाही. बाहेरून छज्जा नाही, आणि सोसायटी बाहेरून काही लावू देणार नाही. तिथे बसण्याउठण्याची जागा करण्यात अर्थ नाही. दर अजूनही सुपर बिल्ट-अपवर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, बोलतात आणि कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा, विचारल्यावरच सांगतात. कार्पेट त्याच्या साधारण साठ टक्के निघाले. प्रत्येक फ्लॅटमागे एक पार्किंग आहे, पण दोन्ही जागा तळघराच्या दोन टोकांना. सासूबाईंना गाडीत बसवायचे म्हणून लिफ्टजवळची एक आम्ही मागून घेतली आहे.

पैशांचा शेवटचा मुद्दा, आणि इथे मी अडून बसले आहे. बांधकाम चालू असताना घेतले तर 5 टक्के जीएसटी. बी.यू. परमिशन, म्हणजे इमारत वापरायचा परवाना, मिळाल्यानंतर, आणि सगळी रक्कम त्यानंतरच दिली तर काहीच नाही. आधी टोकन म्हणून दिलेली रक्कमसुद्धा ही सवलत घालवू शकते. दोन्ही फ्लॅट मिळून किंमत दोन कोटींच्या पुढे जाते, म्हणजे दहा लाखांहून जास्त रकमेचा प्रश्न आहे. बी.यू. पाच-सहा महिन्यांत येईल असे ते सांगतात, आणि टोकन न घेता दोन्ही फ्लॅट दसऱ्यापर्यंत धरून ठेवायचे त्यांनी मान्य केले आहे. दरम्यान त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सही-शिक्क्याचे एक पत्र हवे आहे: लिंटेलखालची भिंत भार पेलत नाही आणि ती काढायला हरकत नाही. तोंडी सगळे हो म्हणतात. पत्र हातात आले की वाडा विकायला काढू.