हिमालयन ४११ : ताम्हिणी, ताडोबा आणि खारदुंगला

रॉयल एनफिल्डची ही मोटारसायकल २०१९ला घेतली. तीन ऋतू, तीन मुलूख हिच्यावर पाहून झाले, म्हणून लिहितोय.

जुलैतली ताम्हिणी तर जीव की प्राण! मुळशी मागे पडलं की पाऊस आडवा येतो, धुक्यात पुढच्या एसटीचा लाल दिवा तेवढा दिसतो. खड्डे पाण्याखाली असतात, पण २१ इंची पुढचं चाक अलगद निघतं. अशा वेळी उभं राहून, गुडघे टाकीला टेकवून चालवावी. ओल्या मातीचा आणि कुजक्या पानांचा वास येत राहतो. त्या वासासाठी मी दरवर्षी जातो. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकत घेतलेले ग्लोव्हज पौडपर्यंतही टिकले नाहीत. आता वरून भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवतो.

मे महिन्यात ताडोबाकडे जाताना पहाटे पाचला निघायचं, ऊन चढलं की दहाला सावलीत थांबायचं. बाकी काही करू नये.

लडाखमधली खारदुंगला खिंड ५,३५९ मीटरवर. विरळ हवेत ताकद सगळ्याच गाड्यांची उतरते. पण हिचं फ्युएल इंजेक्शन (इंजिनात पेट्रोल मोजून सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) हवेप्रमाणे पेट्रोल कमी सोडतं, त्यामुळे ही गुदमरली नाही. मित्राची जुन्या पद्धतीची, कार्ब्युरेटरवाली गाडी मात्र शेवटच्या वळणांवर धापा टाकत होती. वर पोचल्यावर हातमोजे काढून इंजिनाजवळ बोटं धरली, हळूहळू जीव आला त्यांच्यात.

वजन १९० किलोच्या वर, शहरात जाणवतं. सीट ८०० मिमी, त्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचेही पाय टेकतात. आता नवी हिमालयन ४५० आली आहे, तरी नीट राखलेली ४११ मिळाली तर जरूर घ्या.