रॉली की रिचमंड? घरातल्या दुसऱ्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर

एक नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी, दुसरी व्हर्जिनियाची. मध्ये साधारण १७० मैल. मास्टर्स संपवून पहिली नोकरी धरणारे किंवा न्यू जर्सीच्या भाड्याला कंटाळून दक्षिणेकडे बघणारे बरेच जण शेवटी या दोन नावांवर येऊन थांबतात. एका बेडरूमचं भाडं दोन्हीकडे साधारण १३०० ते १७०० डॉलर. उन्हाळा दोन्हीकडे दमट आणि घामाचा. मार्चअखेरीस पाइनचे पिवळे परागकण दोन्हीकडे गाडीच्या काचेवर थर धरतात. या बाबतीत फार डोकं खपवण्यात अर्थ नाही.

मी रिचमंडच्या बाजूनं निर्णय घेतला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल वजा करता येईल. पण रॉलीचं पारडं हलकं आहे असं मुळीच नाही. नोकरीपुरतं बोलायचं तर ते सरळ जड आहे.

रॉली म्हणताना आपण खरं तर रॉली, डरम, चॅपल हिल हा त्रिकोण आणि त्यातली कॅरी-मॉरिसव्हिल ही उपनगरं म्हणत असतो. मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क, १९५९ साली सुरू झालेलं, सुमारे ७००० एकरांचं. सिस्को, आयबीएम, लेनोवो, फिडेलिटी तिथे किंवा आसपास. कॅरीत सॅस, रॉलीच्या डाउनटाउनमध्ये रेड हॅट. औषध आणि बायोटेकमधल्यांसाठी बायोजेन, आयक्यूव्हिया वगैरे वेगळीच रांग. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला या गर्दीचं मोल नोकरी गेल्यावर कळतं. नवा अर्ज दाखल करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि त्या ६० दिवसांत घर न बदलता मुलाखती देता येणं ही मोठी सोय आहे. रिचमंडमध्ये कॅपिटल वन, कारमॅक्स, डोमिनियन एनर्जी, मार्केल, फेडरल रिझर्व्हची बँक अशी वजनदार नावं आहेत, पण यादी लवकर संपते. वित्त, विमा, डेटा या क्षेत्रांतले असाल तर पुरते. चिप डिझाइन किंवा क्लिनिकल ट्रायल्समधले असाल तर हा लेख इथेच थांबवून कॅरीत घर शोधायला लागा.

करांचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे, पण एकदा मांडून ठेवावा. नॉर्थ कॅरोलायनाचा आयकर सरसकट एकाच दरानं: २०२५ साठी ४.२५ टक्के, २०२६ साठी ३.९९. व्हर्जिनियात १७,००० डॉलरच्या पुढे ५.७५. वर्षाला ८५,००० पगार धरला तर रॉलीत साधारण हजार डॉलर वाचतात. शिवाय रिचमंड शहराच्या हद्दीत हॉटेलात जेवलात तर विक्रीकर ६ आणि जेवणावरचा ७.५ मिळून १३.५ टक्के बिलात वाढतात, टिप वेगळी. गाडीवरचा वार्षिक मालमत्ता कर दोन्हीकडे आहे. नॉर्थ कॅरोलायनात तो नोंदणीच्या नूतनीकरणाबरोबरच भरावा लागतो, त्यामुळे विसरायची सोय नाही. रिचमंड शहरात दर शेकडा ३ डॉलर ७० सेंट, आणि बिल वेगळं येतं. पत्ता बदलून तो कळवला नाही तर बिल जुन्या घरी जातं आणि दंड चढत राहतो, म्हणून घर बदललं की पहिला फॉर्म हा भरा.

आता मूळ मुद्दा. नोकरी करणाऱ्याचा दिवस दोन्ही शहरांत सारखाच जातो. प्रश्न घरातल्या दुसऱ्या माणसाचा आहे.

लग्न होऊन एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला लगेच काम करता येत नाही. एच-१बीवाल्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर झालं किंवा त्याची सहा वर्षांपुढची मुदतवाढ सुरू असली, तरच कामाच्या परवान्याचा अर्ज. तोवर दोन-चार वर्षं सहज जातात. या काळात त्या व्यक्तीकडे लायसन्स नाही, असलं तर गाडी नाही, आणि एकुलती एक गाडी सकाळी साडेआठला ऑफिसला गेलेली.

कॅरी-मॉरिसव्हिलमधल्या एखाद्या नमुनेदार अपार्टमेंट संकुलाचं चित्र डोळ्यापुढे आणा. घर नवं, वॉशर-ड्रायर घरातच, खाली पोहण्याचा तलाव. भारतीय दुकान नकाशावर पाऊण मैल. चालत निघालात की संकुलाच्या फाटकापर्यंत फुटपाथ आहे, पुढे दोनशे फुटांवर तो गवतात संपतो. मग चार-सहा पदरी रस्ता, गाड्या पंचेचाळीस मैलांच्या वेगानं. सिग्नलला पादचाऱ्यांचं बटण चारपैकी दोनच कोपऱ्यांवर. जुलैत दुपारी सावलीचा एक तुकडा नाही. कोथिंबिरीची जुडी आणि दुधाचा गॅलन घेऊन परत येणं शक्य असतं, पण कुणी दुसऱ्यांदा जात नाही. सगळी खरेदी शनिवारवर ढकलली जाते, आणि सोमवार ते शुक्रवार ते माणूस घरात बसून राहतं. मला या एका गोष्टीचा इतका त्रास वाटला की बाकीचे सगळे रकाने त्यापुढे फिके पडले.

सोय अजिबात नाही असं नाही. मॉरिसव्हिलनं २०२१ पासून फुकट स्मार्ट शटल सुरू केली आहे, ॲपवरून बोलवायची. पण ती ठरलेल्या थांब्यांमध्येच धावते, त्यामुळे आधी तुमचं संकुल थांब्याच्या किती जवळ आहे ते बघा. त्रिकोणातल्या बसची जाळी आहेत, त्यांपैकी काहींचं बंद असलेलं तिकीट जुलै २०२४ पासून पुन्हा सुरू झालं. पण बस रिसर्च ट्रँगल पार्कजवळच्या बदलीच्या थांब्यापर्यंत नेते, आणि तिथून ऑफिसची इमारत झाडांच्या आड मैलभर आत असते. ही जागा मुळात गाडीनं येणाऱ्यांसाठी आखलेली आहे. रॉलीत गाडीविना राहायचंच असेल तर नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाजवळचा हिल्सबरो स्ट्रीट किंवा डाउनटाउन बघा. मात्र मग भारतीय दुकानं, देऊळ, मराठी ओळखी सगळं दहा-बारा मैलांवर.

बहुतेक जोडपी शेवटी दुसरी गाडी घेतात. हप्ता, विमा, पेट्रोल आणि कर धरले तर करात वाचलेले हजार डॉलर दोन-तीन महिन्यांत संपतात. विम्याकडे विशेष लक्ष द्या. नवशिक्या चालकासाठी नॉर्थ कॅरोलायनात जादा अधिभार लागतो, आणि जुलै २०२५ नंतर पहिल्यांदा लायसन्स घेणाऱ्यांसाठी त्याची मुदत तीनवरून आठ वर्षांवर गेली आहे. भारतातला अनुभव धरणार का, हे प्रत्येक कंपनीला वेगळं विचारा. लायसन्स काढतानाच विम्याचा पुरावा म्हणून डीएल-१२३ हा फॉर्म लागतो, तो विमा कंपनी देते. म्हणजे क्रम असा: आधी विम्याचं कोटेशन, मग फॉर्म, मग लायसन्सची खिडकी. उलट गेलात तर रिकाम्या हाती परत येता.

रिचमंडमध्ये फॅन आणि म्युझियम डिस्ट्रिक्ट हे दोन जुने भाग आहेत, शंभरेक वर्षांपूर्वीच्या विटांच्या घरांचे. रस्ते अरुंद, झाडं मोठी, फुटपाथ सलग. उत्तरेला ब्रॉड स्ट्रीटवरून पल्स ही जलद बस जाते: २०१८ पासून, साडेसात मैल, १४ थांबे, गर्दीच्या वेळी दहा-दहा मिनिटांनी. सगळ्या शहर बसला मार्च २०२० पासून तिकीटच नाही. दक्षिणेला कॅरीटाउन, दुकानांची सलग गल्ली (कॅरी गावाशी संबंध नाही, नाव फसवं आहे). मध्ये व्हर्जिनियाचं कलासंग्रहालय, वर्षाचे ३६५ दिवस उघडं, कायम संग्रहाला प्रवेश फुकट, आणि त्यात भारतीय शिल्पं-चित्रांचं उत्तम दालन. कुणालाही न विचारता, कुणाची वाट न बघता, सकाळी अकराला कुलूप लावून बाहेर पडता येतं. परदेशातल्या पहिल्या वर्षात याला फार किंमत असते.

भारतीय दुकानं मात्र इथेही दूर, वेस्ट ब्रॉडवर हेन्रिको काउंटीत. विलो लॉनपर्यंत पल्स, तिथून शॉर्ट पंपकडे जाणारी १९ नंबर. बदलीचा वेळ धरून तास गृहीत धरा. दहा किलो पीठ आणायचा हा मार्ग नव्हे, पण कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि पोह्यांसाठी चालतो. जड सामान महिन्यातून एकदा भाड्याच्या गाडीनं.

इथे अनेकांची एक चूक होते. ऑफिस डाउनटाउनमध्ये किंवा विद्यापीठाच्या रुग्णालयाकडे असेल तरच गाडीविना हे गणित जमतं. कॅपिटल वनचा मोठा परिसर पश्चिमेला वेस्ट क्रीकमध्ये आहे, आणि पल्स विलो लॉनलाच संपते. तिथली नोकरी असेल तर एक गाडी हवीच. फरक इतकाच, की दुसरी लागत नाही. नोकरी वेस्ट क्रीकला म्हणून घरही शॉर्ट पंप-ग्लेन ॲलनला घेतलंत तर तुम्ही कॅरीसारख्याच ठिकाणी राहायला गेलात, फक्त मराठी शेजार कमी आणि कर जास्त.

जुन्या घरांचे त्रासही सांगायला हवेत. खिडकीतला एसी, तळघरातलं सामाईक वॉशिंग मशीन, हिवाळ्यात खिडक्यांच्या फटींतून वारा. घर बघताना स्वयंपाकघरातल्या शेगडीवरचा पंखा चालू करा आणि बाहेर जाऊन हवा भिंतीतून निघते का ते बघा. बहुतेक ठिकाणी तो पंखा हवा गाळून घरातच सोडतो, आणि मग मोहरी-हिंगाची फोडणी पडली की धुराचा अलार्म वाजतो. स्वयंपाकघराला उघडणारी खिडकी असेल तर हा प्रश्न निम्मा सुटतो. (कॅरीच्या नव्या इमारतींतही पंखा बहुधा असाच असतो, आणि स्वयंपाकघराला खिडकी नसते.) पाण्याचंही सांगतो: जानेवारी २०२५ मध्ये जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली आणि शहराला काही दिवस पाणी उकळून प्यावं लागलं. घरात दोन-तीन गॅलन भरून ठेवायची सवय लावा.

लायसन्स रिचमंडमध्येही सावकाशच मिळतं. आधी कधीच लायसन्स नसलेल्या प्रौढाला लर्नर्स घेऊन ६० दिवस थांबावं लागतं, नाहीतर प्रशिक्षणाचा कोर्स करावा लागतो. भारतातलं लायसन्स असेल तर ते मूळ प्रत म्हणून बरोबर आणाच. आणि दोन्ही राज्यांत आपल्या नावाची पंचाईत होते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, आय-९४ या देशातल्या प्रवेशाच्या नोंदीवर ती एका पद्धतीनं चढतात, सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर कारकून दुसरं नाव मधलं म्हणून टाकतो. खिडकीवर नोंदी जुळल्या नाहीत की अर्ज अडकतो, मग आठवडेच्या आठवडे. म्हणून आल्याबरोबर आय-९४ उतरवून घ्या, सोशल सिक्युरिटीचा अर्ज करता येत असेल तर तो अक्षर-अक्षर त्याप्रमाणे भरा, कार्ड आलं की तिथेच तपासा, आणि त्यानंतरच लायसन्सची अपॉइंटमेंट घ्या. लायसन्सची मुदत आय-९४ च्या तारखेपर्यंतच असते, हेही धरून चाला.

आई-वडील येणार असतील तर रॉलीला एक ठोस फायदा आहे. तिथल्या विमानतळावरून लंडन, पॅरिस, फ्रँकफर्टला थेट विमानं जातात, म्हणजे मुंबई एका बदलीत. व्हीलचेअर लागणाऱ्या माणसाला एक बदली आणि दोन बदल्या यांत फार फरक पडतो. रिचमंडहून दोन बदल्या, नाहीतर वॉशिंग्टनच्या डलस विमानतळापर्यंत शंभरेक मैल गाडीनं, आय-९५ हायवेच्या वाहतुकीत. वॉशिंग्टनला रेल्वे आहे, अडीच-तीन तासांची, पण बहुतेक गाड्या स्टेपल्स मिल रोड स्टेशनवरून सुटतात, आणि पल्सचा ‘स्टेपल्स मिल’ थांबा त्या स्टेशनापासून काही मैल दूर आहे. नाव बघून तिथे उतरलात तर गाडी चुकलीच समजा.

मराठी माणसांच्या सहवासासाठी कॅरीला तोड नाही, हेही मान्य. बालाजीच्या मंदिराचं ८७ फुटी गोपुर २०२२ च्या दिवाळीत खुलं झालं, मॉरिसव्हिलच्या मैदानावर २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले, आणि गणपतीत आरतीला कुणाच्या घरी जायचं हा प्रश्न पडत नाही. मुलं शाळेत जाण्याच्या वयाची असती तर माझंही मत कदाचित फिरलं असतं. पण दोघांचाच संसार असेल, पहिली दोन-तीन वर्षं असतील आणि ऑफिस ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास असेल, तर मी रिचमंडच सुचवेन.

घर ठरवण्याआधी दोन्हीकडे एक मंगळवार काढा, शनिवार नको. भाड्याची गाडी हॉटेलवर ठेवा आणि ज्याला घरी राहायचं आहे त्यानंच, एकट्यानं, त्या घरापासून दूध, भाजी, औषधाचं दुकान आणि वाचनालय चालत किंवा बसनं करून यावं. रिचमंडमध्ये ॲलिसन स्ट्रीट किंवा सायन्स म्युझियम थांब्यापासून दहा मिनिटांच्या आतलं घर बघा, त्यापलीकडचं नको. डिपॉझिट दोन्ही राज्यांत वर्षाच्या करारावर जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं घेता येतं. क्रेडिट इतिहास नाही म्हणून कुणी त्याहून जास्त मागितलं तर कायदा दाखवा, आणि आत शिरण्याआधी प्रत्येक खोलीचे, शेगडीचे आणि खिडक्यांच्या फटींचे फोटो तारखेसकट काढून ठेवा.